सर एडवर्ड कोक यांचे जप्त झालेले कागद

१६३४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभीं इंग्लंडांत स्टोक पोजिस या गांवीं ब्याऐंशी वर्षांचे एक वृद्ध कायदेपंडित मरणशय्येवर पडले होते. अशा वेळीं राजा पहिला चार्लस याच्या सचिवाचीं माणसें हुकूम घेऊन आलीं व त्यांनीं त्या वृद्धाचीं हस्तलिखितें जप्त करून नेलीं. ज्याच्या हातीं तुरुंग, खजिना व अधिकाऱ्यांचा ताफा होता, त्या राजास या कागदांची धास्ती कां वाटावी, हें समजण्यास सर एडवर्ड कोक यांचें चरित्र पाहिलें पाहिजे. (आडनांव कोक असें लिहितात, पण तिकडे त्याचा उच्चार कुक असा करितात.)

कोक यांचा जन्म १५५२ सालीं नॉरफोक परगण्यांत झाला. केंब्रिज येथें शिक्षण झाल्यावर ते १५७८ सालीं वकील झाले, १५९३ सालीं कॉमन्स सभेचे अध्यक्ष झाले व पुढच्याच वर्षीं राणी एलिझाबेथ हिचे अटर्नी जनरल झाले. येथपर्यंतचे कोक म्हणजे सरकारचा माणूस. १६०३ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत सर वॉल्टर रॅले यांना त्यांनीं भर न्यायालयांत जी शिवीगाळ केली, ती वाचून आजहि लाज वाटते. व्यापारी वाचकांस दुसरी एक गोष्ट अधिक जवळची वाटेल. खेळण्याच्या पत्त्यांचा मक्ता राणीनें आपल्या मर्जींतील एका सरदारास दिला होता. १६०२ च्या सुमारास त्यावर वाद होऊन मक्ता रद्द ठरला. त्या वादांत मक्तेदाराची बाजू मांडणारे कोकच होते! पण पुढें तोच निकाल त्यांनीं आपल्या ग्रंथांत कायदा म्हणून नोंदला, आणि मक्त्यांविरुद्धचा १६२४ चा कायदा घडविण्यांतहि त्यांचा मोठा हात होता.

१६०६ सालीं ते न्यायाधीश झाले आणि खरा झगडा सुरू झाला. पहिला जेम्स राजा म्हणे कीं न्याय राजाचा, तेव्हां वाटेल तो खटला आपण स्वतः निकालांत काढूं. कोक यांचें म्हणणें असें कीं न्याय राजाच्या नांवें चालतो खरा, पण तो न्यायाधीशांनीं कायद्यानें करावयाचा असतो, आणि कायदा अभ्यासावांचून कळत नाहीं. या प्रसंगाचें वर्णन कोक यांच्या कागदांत आहे. त्यांत ते मोठ्या धीरानें उभे असलेले दिसतात. त्याच काळच्या इतरांच्या पत्रांत मात्र ते राजापुढें लोटांगण घालून क्षमा मागतांना दिसतात. आम्हांस दोन्ही खरें वाटतें. माणूस भ्याला, पण घरीं जाऊन त्यानें तत्त्व लिहून ठेविलें. १६१० सालीं त्यांनीं व इतर न्यायाधीशांनीं मत दिलें कीं, पूर्वीं जो गुन्हा नव्हता तो केवळ राजाच्या जाहीरनाम्यानें गुन्हा होत नाहीं. १६१६ सालीं राजाच्या हितसंबंधाचा एक खटला त्याच्या सांगण्यावरून थांबवावा कीं नाहीं, असा प्रश्न बारा न्यायाधीशांपुढें आला. अकरा जण नमले. एकटे कोक नमले नाहींत. त्यांना आपल्या छापील निकालग्रंथांतील चुका सुधारण्याचा हुकूम झाला. जवळजवळ पांचशें खटल्यांतून त्यांनीं बोटांवर मोजण्याइतक्या किरकोळ चुका काढून दाखविल्या. नोव्हेंबरांत नोकरी गेली.

पुढील गोष्ट आम्ही झांकणार नाहीं. गेलेली मर्जी परत मिळविण्यासाठीं कोक यांनीं आपली अल्पवयी मुलगी फ्रान्सिस ही राजाच्या आवडत्या बकिंगहॅमच्या भावास देऊं केली. आईनें मुलीस लपविलें. तेव्हां हे महान् न्यायशास्त्री मुलास व हत्यारबंद माणसांस घेऊन गेले, दरवाजे फोडून मुलीस ओढून आणलें, आणि १६१७ सालीं राजासमक्ष लग्न लावून टाकलें. राजास कायद्याची वेसण घालणाऱ्याच्या घरीं मुलीच्या संमतीस कवडीची किंमत नव्हती. सभेंत स्वातंत्र्याचे पोवाडे गाऊन घरीं असा कारभार करणारे गृहस्थ सर्वच देशांत सांपडतात.

१६२१ सालीं ते पुन्हा पार्लमेंटांत आले. सभासदांस राज्यकारभारावर मोकळेपणें बोलण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, असा निषेधलेख कॉमन्स सभेनें आपल्या दप्तरांत नोंदला. जेम्सनें तें दप्तर मागवून पान स्वतःच्या हातांनीं फाडलें, आणि कोक यांस टॉवरच्या तुरुंगांत घातलें. तेथें ते कांहीं महिने होते. फाडलेल्या पानाचा मजकूर मात्र नकलांतून टिकला. १६२८ सालीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, त्यांनीं हक्कांच्या अर्जाचें काम पुढें रेटलें: पार्लमेंटच्या संमतीवांचून कर नको, कारण दाखविल्यावांचून कैद नको, प्रजेच्या घरीं शिपायांचा तळ नको, शांततेच्या काळीं लष्करी कायदा नको. राजानें तो मान्य केला, पण १६२९ पासून अकरा वर्षें पार्लमेंटच बोलाविलें नाहीं. बोलणारीं तोंडें अशीं बंद झाल्यावर उरले ते कागद, आणि त्यांत मॅग्ना कार्टा या जुन्या सनदेवरील कोक यांची सविस्तर टीका होती.

१६४० सालीं पैशाच्या अडचणीनें चार्लसला पार्लमेंट बोलवावें लागलें. त्या सभेनें कोक यांचीं हस्तलिखितें परत मागविलीं व १६४१ सालीं तीं छापण्याचा हुकूम दिला. मॅग्ना कार्टावरील टीकेचा खंड १६४२ सालीं छापून बाहेर पडला. त्याच वर्षीं राजा आणि पार्लमेंट यांच्यांत लढाई जुंपली.