विश्लेषण : ‘डेपुय’ नव्हे, ‘डिप्यू’! इम्प्लांटवरच्या नावामागचा माणूस कोण?

नांदेड-लातूरकडे कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलला, की घरी येणाऱ्या फाईलमध्ये इम्प्लांटचे छोटे स्टिकर असते. त्यावर कधी कधी डी-ई-पी-यू-वाय ही पाच इंग्रजी अक्षरे दिसतात. कुणी ते ‘डेपुय’ वाचतो, कुणी ‘डेपाय’. अमेरिकेत उच्चार होतो ‘डिप्यू’, जोर ‘प्यू’वर. हे आडनाव आहे रेव्हरा डिप्यू यांचे.

आडनाव मुळात कुठले?

मूळ फ्रेंच, ‘द्यु प्वी’. ‘प्वी’ म्हणजे टेकडी. मराठीत सांगायचे तर ‘टेकडीकर’! मध्य फ्रान्समध्ये विझलेल्या ज्वालामुखींच्या टेकड्यांना आजही ‘प्वी’च म्हणतात. आपला मराठवाडाही ज्वालामुखीच्या लाव्हातून घडलेल्या काळ्या खडकावर वसलेला आहे, हा योगायोग. सतराव्या शतकात धर्मछळाला कंटाळून फ्रान्स सोडलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांबरोबर हे आडनाव अमेरिकेत पोहोचले. तिथे शेजारी डच आणि इंग्रज. त्यांच्या तोंडी ‘द्यु’चे ‘डि’ झाले, ‘प्वी’चे ‘प्यू’.

गाव सुटले तरी नाव सुटत नाही, हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको. राष्ट्रकूट राजे मान्यखेटहून राज्य करत असतानाही स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. हे लत्तलूर म्हणजे लातूर, असे अभ्यासक मानतात.

रेव्हरा डिप्यू यांनी काय केले?

डिप्यू हे फिरते विक्रेते होते. त्या काळी अमेरिकेत मोडलेले हाड बसवायला पिंपाच्या लाकडी फळ्या वापरत. आपल्याकडचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत, तसाच प्रकार. फळी सरळ आणि हात-पाय वळणाचे, त्यामुळे ती नीट बसणार कशी? डिप्यू यांनी तंतूंपासून बनवलेल्या, अवयवाच्या आकाराला जुळणाऱ्या पट्ट्या तयार केल्या आणि १८९५ मध्ये इंडियाना राज्यातल्या वॉर्सा या लहानशा गावात कारखाना काढला. (हे वॉर्सा म्हणजे पोलंडची राजधानी नव्हे, गावाला तिचे नाव दिलेले आहे.)

१९२१ मध्ये ते वारले. पत्नी विनिफ्रेड यांनी कारभार हाती घेतला. त्यांच्याकडचे विक्रेते जस्टिन झिमर पुढे बाहेर पडले आणि १९२७ मध्ये त्याच गावात त्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. तेही आडनावच! जर्मनीत त्याचा उच्चार ‘त्सिमर’, अर्थ ‘खोली’. अशा एकातून एक कंपन्या निघत गेल्या आणि वॉर्सा हे इम्प्लांट उद्योगाचे माहेरघर बनले.

गंमत अशी, की ज्या सांध्यांवर आज डिप्यू यांचे नाव असते, तसा सांधा त्यांनी कधी पाहिलाच नाही. आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी रूढ केला, तो १९६० च्या दशकात. डिप्यू कंपनी १९९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेली. नाव मात्र टिकले.

नाव नीट माहीत असण्याने काय फरक पडतो?

ऑगस्ट २०१० मध्ये याच नावाचा ‘एएसआर’ हा धातूचा कृत्रिम खुबा कंपनीने जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरले, केंद्राने समिती नेमली, भरपाईचे सूत्रही ठरले. पण शोध लागला तो हजाराच्या आसपास रुग्णांचाच. बाकीच्यांपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न राहिला. आपल्या खुब्यात कुठल्या कंपनीचा, कुठला सांधा आहे हे रुग्णाला कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे फाईलमधले ते स्टिकर. कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर या तिन्ही गोष्टी त्यावरच असतात. स्टिकरवरची शाई काही वर्षांत पुसट होते, तेव्हा घरी आल्या आल्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा.