कै. खाशाबा जाधव

विजयी खेळाडूस खांद्यावर घेऊन मिरविण्याची हौस आम्हां कोल्हापूरकरांस मोठी. परंतु खेळाडूवरील खरें प्रेम कोणतें, हें कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या चरित्रावरून विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावें.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवीं झाला. मल्लविद्येचे पहिले धडे त्यांनीं वडिलांपाशीं गिरविले व पुढें ते येथील राजाराम कॉलेजांत आले. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले व सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें, तर जवळ पैका नाहीं! तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतीयानें स्वबळावर मिळविलेलें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक होय.

ते परत आले तेव्हां शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण जयघोषानें ते भुलले नाहींत. कुस्त्यांचे फड भरवून त्यांनीं आधीं गुरुजनांचें ऋण फेडलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

मिरवणुकींत सारा गांव चालतो. विजयापूर्वीं घर गहाण टाकणारा एखादाच निघतो. मुलांनो, तुम्हीं कोणाच्या पंक्तीस बसावयाचें, हें तुम्हींच ठरवा.