मातोश्री अहिल्याबाई होळकर

परळीच्या वैजनाथाच्या रुंद दगडी पायऱ्या आमच्या बीड जिल्ह्यात कोणास ठाऊक नाहीत? या मंदिराचा जीर्णोद्धार ज्या बाईने करविला, तिचे राज्य या मुलखात नव्हते. ते दूर माळव्यात, नर्मदेच्या काठी होते. तिचे माहेर मात्र आमच्या शेजारचेच. बीडच्या आष्टी-पाटोद्यास लागून जामखेड तालुका आहे. त्या तालुक्यातील चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी, ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. ज्युबिलीच्या या पुस्तकात आमच्या मंडळीबाहेरच्या एका राणीचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर एवढेच की, शेजारच्या घरची लेक थोर निघाली म्हणजे साऱ्या गावाला तिचे कौतुक असतेच.

आठ वर्षांची ही पोर मल्हारराव होळकरांच्या दृष्टीस देवळात पडली आणि त्यांनी तिला सून करून नेले, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, १७३३ साली खंडेरावांशी तिचा विवाह झाला. त्या घरात तिला सासू लाभली गौतमाबाई आणि सासरा लाभला मल्हारराव. सासरा तापट, रणात वाढलेला. पण सुनेची बुद्धी ओळखण्याइतका चाणाक्ष. तिने लिहिणे-वाचणे, हिशेब व दौलतीचा कारभार आत्मसात केला. पुत्र मालेराव व कन्या मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. येथवर हे चरित्र एखाद्या सुखी गृहिणीचेच आहे.

१७५४ च्या मार्चात कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जावयास निघाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी त्यांना अडविले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशा आशयाची त्यांची विनवणी होती. बाई चितेपासून परतल्या. पुढील एकेचाळीस वर्षे त्यांनी जे केले ते सारे या एका परतण्याच्या पोटातून निघाले आहे. म्हणून वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

मल्हाररावांनी आपला शब्द खरा केला. सुनेस त्यांनी माजघरात बसविले नाही. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांतून ते तिला तोफखान्यासह ग्वाल्हेरीकडे कूच करण्यास व दारूगोळ्याची तजवीज ठेवण्यास सांगताना दिसतात. ज्या काळी सरदारांच्या स्त्रिया पडद्याच्या मेण्यातून हिंडत, त्या काळी ही विधवा छावणीचा पसारा सांभाळीत होती.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. गादी मालेरावांकडे आली. परंतु त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही व १७६७ साली तेही गेले. आई उशाशी होती. एका वर्षात बाप म्हणावा असा सासरा गेला आणि पोटचा मुलगा गेला. घरात पुरुषमाणूस उरला नाही. दौलतीचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी हीच वेळ साधली. एखादे मूल दत्तक घ्यावे, बाईंनी स्वस्थ बसावे, असा त्यांचा बेत; राघोबादादांची त्यास फूस होती, आणि दादा फौज घेऊन उज्जैनीकडे आलेही. बाईंनी दत्तक साफ नाकारले. एकाची पत्नी व एकाची आई या नात्याने दौलतीचा वारस निवडण्याचा अधिकार आपला आहे, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी शिंदे, गायकवाड, भोसले यांस मदतीची पत्रे धाडली, तुकोजी होळकरांस क्षिप्रेवर उभे केले आणि स्वतः युद्धास सज्ज झाल्या. स्त्रियांची पलटण उभारल्याचीही आख्यायिका आहे. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंचा पक्ष उचलून धरला, तेव्हा दादांनी आपण समाचारास आल्याचे सांगून वेळ मारून नेली. मग बाईंनी त्यांचा पाहुणचार केला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

तुकोजी हे मल्हाररावांच्या पोटचे नव्हेत. बाईंनी त्यांच्याकडे लष्कर दिले व मुलकी कारभार आपल्या हाती ठेवला. तुकोजी वयाने बाईंहून वडील, तरी त्यांना मातोश्रीच म्हणत. पैशाच्या कामी दोघांत तक्रारी झाल्या, नाही असे नाही. पण घर फुटले नाही.

राजधानी महेश्वरास नेऊन बाईंनी तेथे घाट बांधिले, विणकर वसविले. महेश्वरी लुगड्यांचे नाव तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. काशीविश्वेश्वर (१७८०), सोमनाथ (१७८३), गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, आमची परळी, अशी त्यांची बांधकामे हिंदुस्थानभर पसरली आहेत. त्यांतील बहुतेक होळकरांच्या मुलखाबाहेर असून खर्च त्यांच्या खाजगी उत्पन्नातून होई, रयतेच्या करातून नव्हे.

जो कोणी लुटारूंचा बंदोबस्त करील त्यास मुलगी देईन, असे बाईंनी जाहीर केले व यशवंतराव फणसे या तरुणाने तो पण जिंकला, असे सांगतात. त्याच्याशी मुक्ताबाईचा संसार झाला व नथोबा नावाचा नातू झाला. मालेरावानंतर आजीचा सारा जीव त्या पोरात होता. १७९० साली तो तरुण नातू गेला. पुढल्याच वर्षी जावई गेला, आणि मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय सांगितला.

एकदा चितेवरून परत आलेल्या आईने मुलीपुढे पदर पसरला. कन्या ऐकेना. तिचे म्हणणे असे की, तुझे वय झाले, थोड्या दिवसांनी तूही जाशील. मग मी कोणासाठी राहू? ज्या बाईच्या शब्दाने सैन्ये हलत, तिचा शब्द लेकीपुढे हरला. मल्हाररावांपाशी सुनेला देण्यास एक दौलत होती. बाईंपाशी मुलीला देण्यासारखे काय उरले होते? त्या नर्मदेकाठी गेल्या. ज्वाळा उठल्या तेव्हा दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवावे लागले, दुःखावेगाने त्यांनी आपलेच हात चावले, आणि नंतर तीन दिवस अन्न घेतले नाही, असे जॉन माल्कम याने लिहून ठेविले आहे. हा इंग्रज १८१७ साली महिदपुरास होळकरांच्याच फौजेविरुद्ध लढला होता. पुढे माळव्यातील लोकांच्या तोंडून त्याने ही हकिकत गोळा केली व १८२३ साली छापली. शत्रूच्या लेखणीतून उतरलेला हा आदर आम्हांस खुशामतीच्या दहा पोथ्यांहून मोलाचा वाटतो.

लेक-जावयाचे स्मारक बाईंनी बांधविले. दरबार पूर्ववत भरू लागला. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसास त्या स्वतः भेटत. १७९५ च्या मार्चात खर्ड्यास मराठे व निजाम यांची लढाई झाली. खर्डा जामखेड तालुक्यातच. माहेरच्या रानात होळकरांचे घोडे धावले, तेव्हा चौंडीची लेक महेश्वरी थकून बसली होती. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. उशाशी बसावयास पोटचे माणूस कोणी नव्हते. नर्मदेच्या घाटावर मात्र सारे महेश्वर लोटले, आणि ज्यांनी त्यांना कधी मातोश्री म्हटले होते, त्यांस त्या दिवशी आपलीच आई गेली असे वाटले.