विश्लेषण : ‘कलर’मधला ‘यू’ कुणी काढला?

शाळेत ‘कलर’चे स्पेलिंग ‘यू’सह घोकलेले असते. मोबाइलमध्ये अमेरिकी इंग्रजी निवडलेली असली, की त्याच ‘यू’खाली तांबडी रेघ येते. अमेरिकेत हे स्पेलिंग रुजवण्यात सर्वांत मोठा वाटा नोआ वेबस्टर यांचा.

त्यांचा जन्म १७५८ मध्ये कनेटिकटमधल्या शेतकरी कुटुंबात झाला. येल कॉलेजच्या शिक्षणासाठी वडिलांनी शेत गहाण ठेवले. पुढे ते शाळामास्तर झाले. तेव्हा अमेरिका इंग्लंडशी लढत होती आणि वर्गातली पुस्तके मात्र इंग्लंडच्या वळणाचीच होती. १७८३ मध्ये त्यांनी स्वतःचे स्पेलिंगचे पुस्तक काढले. निळ्या पुठ्ठ्याच्या या पुस्तकाच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या. गंमत म्हणजे, ‘यू’ गाळणाऱ्यांवर याच पुस्तकात त्यांनी टीका केली होती!

मत का बदलले?

उच्चारात नसलेले अक्षर लिहायचे कशाला, हा एक मुद्दा. दुसरा राजकीय : नव्या देशाला स्वतःची लिखित भाषा हवी. तिसरा तर चक्क धंद्याचा. स्पेलिंग वेगळे झाले, की इंग्रजी पुस्तके अमेरिकेतच छापावी लागतील आणि इथल्या छापखान्यांना काम मिळेल.

पण उत्साहात ते वाहवत गेले. १७९० च्या निबंधसंग्रहात उच्चाराबरहुकूम स्पेलिंगे वापरली, तर लोक हसले. १८०६ च्या छोट्या शब्दकोशात ते बरेच सावरले. ‘कलर’मधला ‘यू’ आणि ‘म्युझिक’च्या शेवटचा ‘के’ काढला. ‘सेंटर’च्या शेवटी ‘ई-आर’ आले. ‘टंग’ आणि ‘विमेन’ची त्यांची स्पेलिंगे मात्र अमेरिकेनेही स्वीकारली नाहीत. ‘के’ इंग्लंडनेही सोडला. ‘यू’ सोडला नाही.

मोठा शब्दकोश १८२८ मध्ये आला. सुमारे ७० हजार शब्द, दोन खंड, किंमत २० डॉलर. प्रती अडीच हजारच, तरी विक्री रेंगाळली. इतकी वर्षे घर चालले ते मुख्यतः निळ्या पुस्तकाच्या मानधनावर. दुसऱ्या आवृत्तीसाठी म्हाताऱ्या वेबस्टर यांनी राहते घर गहाण ठेवले. १८४३ मध्ये न्यू हेवनला त्यांचे निधन झाले. शब्दकोशाचे हक्क मेरियम बंधूंनी विकत घेतले. १८४७ मध्ये त्यांनी तो एका खंडात, सहा डॉलरला आणला आणि मग तो घरोघरी पोहोचला.