त्वचेवर क्षयाची खूण वाचणारे क्लेमेन्स फॉन पिर्के

बंगळुरू : १९६१ ते १९६८ या काळात बंगळुरू जिल्ह्यातील तीन तालुक्यांच्या ११९ खेड्यांत राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची पथके चार वेळा फिरली. ग्रामस्थांच्या हातावर ट्यूबरक्युलिनची सुई टोचायची आणि तीन-चार दिवसांनी परत येऊन तेथे उठलेल्या गाठीची रुंदी मोजायची, असा क्रम होता. क्षयजंतू शरीरात शिरला आहे की नाही, हे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच विचारण्याची ही रीत ज्यांनी घालून दिली, त्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या निधनाला तेव्हा तीन दशके उलटून गेली होती.

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळ एका सरदार घराण्यात झाला. धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने त्यांनी आधी ईश्वरशास्त्राचा आणि मग तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पुढे तो मार्ग सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० मध्ये ग्राझ येथून पदवी घेऊन व्हिएन्नातील मुलांच्या रुग्णालयात रुजू झाले.

घटसर्पावर घोड्याच्या रक्तातील लस तेव्हा नव्यानेच वापरात आली होती. ती दुसऱ्यांदा टोचताच काही मुलांना ताप येई, अंगावर चट्टे उठत. बेला शिक यांच्यासह पिर्के यांनी या मुलांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या. देवीची लस पुन्हा टोचल्यावर त्वचा पहिल्या वेळेपेक्षा लवकर लाल होते, हेही त्यांनी पाहिले होते. एकदा भेटलेल्या परक्या पदार्थाला शरीर दुसऱ्या वेळी निराळे उत्तर देते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. या बदललेल्या प्रतिसादासाठी १९०६ मध्ये त्यांनी ॲलर्जी हा शब्द घडवला. तो आज मराठी घरांतही रुळला आहे. मात्र त्याचा मूळ अर्थ आजच्यापेक्षा बराच व्यापक होता.

रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरील औषध म्हणून पुढे आणलेले ट्यूबरक्युलिन सपशेल फसले होते. पिर्के यांनी त्या टाकाऊ ठरलेल्या द्रवातून निदानाचे साधन घडवले. मुलाच्या हातावर बारीक ओरखडा काढून त्यावर द्रवाचा थेंब ठेवायचा. शेजारी द्रवाविना दुसरा ओरखडा. एक-दोन दिवसांत पहिली जागा लाल होऊन फुगली, तर संसर्ग झालेला आहे असे समजायचे. १९०७ मध्ये ही चाचणी जाहीर झाली आणि व्हिएन्नातील वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या असंख्य मुलांच्या शरीरात क्षय सुप्तावस्थेत असल्याचे उघड झाले.

खुणेच्या मर्यादाही त्यांनीच दाखवल्या. गोवराच्या दिवसांत ही प्रतिक्रिया मावळते, असे त्यांनी १९०८ मध्ये नोंदवले. म्हणजे त्वचा गप्प राहिली म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. त्याच वर्षी शार्ल मांतू यांनी त्वचेच्या आत सुई टोचण्याची सुधारित पद्धत आणली. बंगळुरूच्या खेड्यांत पोहोचली ती हीच.

अमेरिका आणि ब्रेस्लाऊ येथे अध्यापन करून १९११ मध्ये पिर्के व्हिएन्नाला परतले. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी शहरातील मुलांना अन्न पुरवण्याची योजना त्यांनी अमेरिकी मदतीवर उभी केली. एक ग्रॅम दुधातील पोषण हे माप धरून ते प्रत्येक मुलाचा आहार मोजत. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. पारितोषिक मिळाले नाही. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी व त्यांच्या पत्नीने जीवनयात्रा संपवली.

१९५९ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या संस्थेला या चाचणीची अडचणही सोसावी लागली. दक्षिण भारतातील माती-पाण्यात राहणारे क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद त्वचेवर तशीच लाली आणतात. बीसीजी लसही आणते. त्यामुळे गाठीच्या जोडीला क्ष-किरण आणि थुंकीची तपासणी अपरिहार्य होती. संघटित उपचार तेव्हा त्या खेड्यांत पोहोचले नव्हते. थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत सुमारे निम्मे दगावले, एक तृतीयांश आपोआप बरे झाले आणि उरलेल्यांच्या थुंकीत जंतू कायम राहिले. असा अभ्यास आज कोणी करू धजणार नाही. उपचाराविना क्षय काय करतो हे सांगताना मात्र जगभर याच आकड्यांचा आधार घेतला जातो.

शरीराच्या उत्तरावरून जंतू ओळखण्याचा मार्ग पुढे इतर आजारांतही वापरला गेला. सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात फुप्फुसात स्यूडोमोनास जंतू ठाण मांडतो. लहान मुलांना थुंकी काढून देता येत नाही, म्हणून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासून संसर्गाचा माग काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. क्षयासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही त्वचाचाचणी आता भारतात उपलब्ध आहे. तिच्यातील प्रथिने बीसीजी लशीत नसल्याने लस घेतलेल्यांबाबतचा जुना घोळ टळतो. गाठ मात्र अजूनही हातावरच मोजतात, दोन-तीन दिवसांनी.