मामाची मुलगी, आत्याची मुलगी आणि इरावती कर्वे

भवानीनगर असो की कोल्हापूर, लग्नाचा विषय निघाला की मामाच्या मुलीवरून थट्टा होतेच. आत्याच्या मुलीवरून मात्र होत नाही. असं का, हा प्रश्न शास्त्र म्हणून हाताळला इरावती कर्वे यांनी.

त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. सातव्या वर्षी त्या पुण्यात हुजूरपागेत शिकायला आल्या. पुढे महर्षी कर्व्यांच्या सून झाल्या.

१९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक युजेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. युरोपियनांच्या कवट्या वेगळ्या असतात, असा त्यांचा दावा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, फरक दिसला नाही, आणि प्रबंधात तसंच लिहिलं.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव फिरून त्यांनी माणसं मोजली, नाती नोंदवली. १९५३ मध्ये नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत पसंतीचं. महाराष्ट्र मधोमध: अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची नाही.

आता याचा बाळाच्या त्वचेशी काय संबंध? काही बाळं घट्ट, चकचकीत पापुद्र्यात गुंडाळल्यासारखी जन्मतात. पापुद्रा सुटल्यावर अनेकांची त्वचा खवल्यांसारखी राहते. हा इक्थिओसिस. त्याचं एक मोठं कारण, टीजीएम१ जनुकातला दोष, १९९५ मध्ये सापडलं. आई-वडील दोघांकडे एकेक सदोष प्रत असते, पण दुसरी चांगली असल्याने ते निरोगी दिसतात. बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक.

मामे-आते भावंडांचे आजी-आजोबा एकच, म्हणून त्यांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. समाजाने मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी यांत फरक केला. या हिशोबात दोघी सारख्याच.

अर्थात नात्यात लग्न न करताही असं बाळ जन्मू शकतं, आणि नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगी असतात. त्यामुळे सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घेण्यात आहे.

इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० ला गेल्या. बहुतेकांना त्या ‘युगान्त’मुळे माहीत आहेत. पण असं बाळ जन्मलं की डॉक्टर आधी त्यांचाच प्रश्न विचारतात: तुम्हा नवरा-बायकोचं आधीचं नातं काय?