ऑगस्ट हॉर्ख व ऑडी मोटार

एकांत एक गुंफलेलीं चार वर्तुळें पाहून ती ऑडी मोटार आहे, हें लहान मूलहि सांगतें. परंतु ह्या नांवाचा अर्थ काय, व तें ठेवण्याचा प्रसंग कसा आला, हें थोड्यांसच ठाऊक असतें. म्हणून त्या मोटारीचे जनक ऑगस्ट हॉर्ख ह्यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत सादर करीत आहों.

हॉर्ख ह्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६८ रोजीं जर्मनींत, मोझेल नदीकांठच्या विनिंगेन गांवीं, एका लोहाराच्या घरीं झाला. प्रथम ते वडिलांचाच धंदा शिकले. पुढें मिटवाइडा येथील विद्यालयांत त्यांनीं यंत्रशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि १८९६ पासून तीन वर्षें मोटारीचे आद्य निर्माते कार्ल बेंझ ह्यांच्या कारखान्यांत काम केलें. १८९९ सालीं त्यांनीं कोलोन शहरीं स्वतःचा कारखाना काढून त्यास आपलें नांव दिलें. १९०४ सालीं तो त्स्विकाउ शहरीं आला व भागधारकांच्या मालकीचा झाला. परंतु संचालकांशीं मतभेद विकोपास जाऊन १९०९ सालीं हॉर्ख ह्यांस आपलाच कारखाना सोडावा लागला.

खचून न जातां त्यांनीं त्याच वर्षीं, त्याच शहरांत दुसरा कारखाना उभारला व त्यासहि आपलेंच नांव दिलें. जुन्या कंपनीनें दावा लावला, आणि तें नांव कंपनीचें ठरलें. वाडवडिलांपासून चालत आलेलें नांव आपल्याच हातच्या कामावर घालण्याची बंदी व्हावी, ह्याहून मानी कारागिराच्या जिव्हारीं लागणारें दुसरें काय असणार!

नवें नांव शोधण्यासाठीं मंडळी सहकारी फ्रान्झ फिकेन्चर ह्यांच्या घरीं जमली. तेथेंच त्यांचा मुलगा लॅटिनचा अभ्यास करीत होता. हॉर्ख ह्या शब्दाचा जर्मन भाषेंत ऐक असा अर्थ होतो. मग त्याच अर्थाचा ऑडी हा लॅटिन शब्द कां घेऊं नये, असें त्यानें सुचविलें. सर्वांस तें तत्काळ पटलें, व १९१० सालीं तें नांव रूढ झालें.

नांव पालटलें तरी कामाचा कस पालटला नाहीं. १९११ सालीं ऑस्ट्रियांतील आल्प्स पर्वताच्या बिकट घाटांतील स्पर्धा हॉर्ख ह्यांनीं स्वतः ऑडी हांकून निर्दोष पार पाडली. पुढील तीन वर्षें त्यांच्या मोटारींनीं तेथें संघशः यश मिळविलें. १९३२ सालीं ऑडी, हॉर्ख, वांडरर व डीकेडब्ल्यू हे चार कारखाने एक झाले. चार वर्तुळें हें त्या ऐक्याचेंच चिन्ह होय. ज्यावरून तंटा झाला तें नांव व त्याचें भाषांतर अखेर एकाच छत्राखालीं आलीं! हॉर्ख ३ फेब्रुवारी १९५१ रोजीं निवर्तले. महायुद्धानंतर मागें पडलेलें ऑडी हें नांव १९६५ सालीं पुन्हा मोटारीवर झळकलें.

शाळेंत शिकलेला शब्द पुढें काय कामाचा, असें विचारणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं त्या मुलाची आठवण ठेवावी. आणि पालकांनींहि हें विसरूं नये कीं, त्या दिवशीं वडीलधाऱ्यांनीं एका मुलाचें ऐकलें, म्हणूनच ऐक ह्या अर्थाचें नांव जगास मिळालें.